खुर्ची एक, माणसे दोन

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. कफर्णहूम गावी एका पक्षघाती माणसाला चौघे जण उचलून आणतात. दारात गर्दी असल्यामुळे ते छपरावर चढतात, छप्पर उसकतात आणि त्याची बाज प्रभूपुढे खाली सोडतात. या शास्त्रभागावर आपण आजवर कितीतरी प्रवचने ऐकली असतील. त्या चौघांचा विश्वास, पापांची क्षमा, शास्त्र्यांची कुजबुज या सर्वांविषयी त्यांत विवेचन असते. त्या बाजेविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ती किती जड होती? धरावयास तिला दांडे होते की नुसत्या कडा? वाटेत ती कितीदा खाली टेकवावी लागली? चौघांपैकी एखादा बुटका असेल, तर कलणारी बाज त्यांनी कशी सावरली? हे प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतील. ज्यांच्या घरात चाकांची खुर्ची आहे, त्यांना ते तसे वाटणार नाहीत.

अपघाताने, पक्षघाताने, संधिवाताने किंवा केवळ वार्धक्याने ज्यांचे पाय थकले आहेत, असे एखादे तरी माणूस आज बहुतेक प्रत्येक मंडळीत आढळते. त्यांच्यामागे मुठी धरून उभे असलेले दुसरे माणूसही असते. ती पत्नी असते, मुलगा असतो, सून असते, कधी पगारावर ठेवलेली मुलगी असते. या दुसऱ्या माणसाचे श्रम कमी करणे ही निव्वळ सोयीची बाब आहे काय? की तिच्यात विवेकबुद्धीला विचारावा असा काही प्रश्न आहे? सेवा जितकी कष्टाची तितकी ती श्रेष्ठ, अशी एक समजूत आपल्यात खोलवर रुजलेली आहे. त्या समजुतीच्या पोटी अनेक घरांत खुर्ची वर्षानुवर्षे जशी आली तशीच राहते आणि ढकलणाराही निमूटपणे ढकलीत राहतो. ही समजूत ख्रिस्ती आहे काय, हे तपासून पाहावे असा या लेखाचा हेतू आहे.

असा प्रश्न हवेत सोडविण्यापेक्षा एखाद्या गावाच्या रस्त्यावर आणून पाहिला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. त्यासाठी तमिळनाडूतील कुंभकोणम हे गाव घेऊ. मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठी राज्य स्थापले, ते १८५५ पर्यंत टिकले आणि कावेरीच्या या सुपीक प्रदेशात मराठी बोलणारी घराणी स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचाच. ज्या सरफोजीराजांना श्वार्ट्‌झ या मिशनऱ्यांनी लहानपणी शिकविले, त्या राजांचे नाव तर आपल्या ख्रिस्ती वाङ्मयातही आदराने घेतले जाते. कुंभकोणम हे १८९९ पासून कॅथलिक धर्मप्रांताचे पीठही आहे. मुंबई-वसईकडील भाविक वेलंकनीच्या यात्रेला जातात, तेव्हा चेन्नईहून तंजावरकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावर हे गाव लागते. यात्रेकरूंत वृद्ध व अपंग माणसे असणारच. आरोग्यमातेचे स्थान म्हणून जेथे लोक जातात, तेथे निरोगी माणसेच जातील असे नाही.

कुंभकोणम हे चाकांचे गाव आहे, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. तेथील सारंगपाणी मंदिराचा लाकडी रथ तमिळनाडूतील मोठ्या रथांपैकी एक मानला जातो. गावालगतच्या दारासुरम येथे बाराव्या शतकात चोळ राजाने बांधलेले ऐरावतेश्वर मंदिर आहे. त्याचा एक मंडप रथाच्या आकाराचा आहे. त्याला दगडात कोरलेली चाके आहेत, घोडे आहेत. आरे, तुंबा, आस अशा बारकाव्यांनी सजलेले ते चाक पाहताना शिल्पकाराच्या हाताला आपण मनोमन वंदन करतो. पण ते चाक फिरत नाही आणि त्याच्या शेजारूनच दगडी पायऱ्या वर चढतात. खुर्चीत बसून आलेल्या माणसाला चाक दिसते आणि पायऱ्याही दिसतात. त्याच्या सोबत्याला मात्र पायऱ्याच आधी दिसतात.

रथ ओढणे हे या प्रदेशात शेकडो माणसांचे काम असते. दोर ओढणारे पुढे असतात, पण रथाची खरी सूत्रे चाकांजवळच्या मोजक्या माणसांच्या हाती असतात. लाकडाचे पाचरीसारखे ठोकळे चाकाखाली सरकवून ते रथ वळवितात व थांबवितात. या ठोकळ्याला तमिळमध्ये ‘मुट्टुकट्टै’ म्हणतात आणि हाच शब्द रोजच्या बोलण्यात ‘अडथळा’ या अर्थाने वापरला जातो. आपल्या मराठी शास्त्रातील ‘अडखळण’ या शब्दाशी त्याचे जवळचे नाते आहे. आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये, अशी आज्ञा लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. ठोकळा जाणून घातला तर तो रथाला सावरतो. नकळत घातला तर चाक अडते. आपल्या घरांचे उंबरे, चर्चच्या पायऱ्या, फाटकातील गटारावरची फट ही सर्व नकळत घातलेली मुट्टुकट्टैच होत. कुंभकोणमच्या जुन्या वस्तीतील घरांपुढे उंच ओटे असतात, रस्त्यावरून दारात शिरायला दोन-तीन पायऱ्या असतात. वसईच्या जुन्या घरांनाही ओटे आहेत, अहमदनगरच्या वाड्यांनाही उंबरे आहेत. बांधणाऱ्याच्या मनात कोणाला अडविण्याचा हेतू नव्हता. तो बांधीत होता तेव्हा चाकांवरचा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे आलाच नाही, एवढेच.

आता खुद्द खुर्चीकडे वळू. ती जड का जाते, हे न समजता तिच्याविषयी नीतीची चर्चा करणे व्यर्थ आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारी लोखंडी घडीची खुर्ची सुमारे १८ ते २० किलो भरते. तीत ६० किलोचे माणूस बसले की सोबत्याच्या हाती ८० किलोचा भार येतो. सपाट, टणक फरशीवर तो सहज पुढे सरकतो. पण चाकांत हवा कमी असेल तर रबर जमिनीवर पसरते आणि प्रत्येक पावलाला जोर लावावा लागतो. एका चाकात हवा जास्त व दुसऱ्यात कमी असेल तर खुर्ची सारखी एका बाजूला ओढते. सोबत्याचे अर्धे बळ तिला सरळ ठेवण्यातच खर्च होते. पुढच्या लहान चाकांच्या आसाला केस, दोरे आणि धूळ गुंडाळली जाते व ती फिरेनाशी होतात. बैठकीचे कापड झोळीसारखे सैल झाले की बसणाऱ्याचे शरीर पुढे घसरते, वजन मागच्या मोठ्या चाकांवरून पुढच्या लहान चाकांवर येते आणि तीच खुर्ची दुप्पट जड वाटू लागते. मुठी फार खाली असतील तर उंच माणूस कमरेत वाकून ढकलतो आणि काही महिन्यांनी त्याची पाठ धरते.

यांपैकी बहुतेक दोष दूर करण्यास पैसा फारसा लागत नाही. आठवड्यातून एकदा सायकलच्या पंपाने हवा भरणे, महिन्यातून एकदा लहान चाकांचा आस साफ करून तेल देणे, सैल बैठकीखाली फळी व तिच्यावर उशी घालणे, लोहाराकडून मुठी उंच करून घेणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. उंबरा आला की खुर्ची फिरवून घ्यावी आणि मोठी चाके आधी उंबऱ्यावरून ओढून घ्यावीत. लहान चाके उंबऱ्यावर आदळीत बसू नये. पायरी उतरतानाही खुर्ची पाठमोरी करून, स्वतः खालच्या बाजूस राहून मोठी चाके आधी उतरवावीत. तसे केले म्हणजे बसणारा पुढे फेकला जात नाही. ज्याला हे कोणी दाखवीत नाही तो वर्षभर केवळ दंडाच्या जोरावर काम करतो.

उतरणीचे गणितही साधे आहे. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. तिच्यावर सहा फुटांची फळी टाकली तर ८० किलोचा भार वर नेताना सुमारे २० किलोचा जोर सतत लावावा लागतो; पाय घसरला तर तोच जोर उलटा अंगावर येतो. तीच उंची अठरा फुटांच्या उतरणीने चढली तर सात किलोच्या आसपास जोर पुरतो. एका फुटाच्या उंचीला बारा फुटांची लांबी, हे प्रमाण जाणकारांनी याच कारणासाठी ठरविले आहे. तरुण मुलगा फळीवरूनही खुर्ची नेईल. साठीची पत्नी नेऊ शकणार नाही आणि बहुतेक वेळा मागे तीच उभी असते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो मनापासूनचा असल्यामुळे त्याचा आदराने विचार केला पाहिजे. कष्ट हलके करण्याच्या मागे लागलो तर सेवेतील त्याग उरेल काय? प्रभूने आपल्याला क्रूस उचलून मागे येण्यास सांगितले आहे. तो हलका करून घेण्यास कोठे सांगितले आहे? आजारी पतीची खुर्ची घामाघूम होऊन ढकलणाऱ्या पत्नीच्या त्या घामातच तिचे प्रेम दिसत नाही काय?

प्रेम घामात दिसते, हे खरे. पण प्रेमाला पडणारी किंमत आणि हलगर्जीपणाला पडणारी किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पती रात्री वेदनेने कण्हत असता पत्नी जागी राहते, ती प्रेमाची किंमत होय. चाकात हवा नाही म्हणून तिचे खांदे दुखतात, ती हलगर्जीपणाची किंमत होय. ती कोणाच्याच कामी येत नाही. तिने पती जवळ येत नाही, देवही जवळ येत नाही. फक्त खांदा निकामी होतो. हिला क्रूस म्हणणे म्हणजे क्रूसाच्या नावाखाली पंप न आणणे होय. शिमोन कुरेनेकराने प्रभूचा क्रूस वाहिला हे आपण गौरवाने सांगतो, पण त्याला वेठीला धरणारे रोमी शिपाई होते हे विसरतो. दुसऱ्याच्या खांद्यावर वजन टाकून त्याच्या त्यागाचे गुणगान करणे सोपे असते. घरातील पुरुषांनी स्त्रियांच्या सेवेविषयी आणि मंडळीने काही मोजक्या कुटुंबांच्या धीराविषयी बोलताना ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

याच संदर्भात निर्गमच्या सतराव्या अध्यायातील एक बारीकसा तपशील मला फार मोलाचा वाटतो. अमालेकाशी युद्ध चालू असता मोशेचे हात जड झाले. अहरोन व हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून ठेवले, हे सर्वांच्या लक्षात राहते. पण हात धरण्यापूर्वी त्यांनी एक धोंडा आणला आणि मोशेला त्यावर बसविले. उभ्या माणसाचे उंचावलेले हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवणे त्यांना तरी शक्य झाले असते काय? धोंड्यामुळे मोशेला आधार मिळाला आणि हात धरणाऱ्या दोघांचेही काम आवाक्यात आले. त्या धोंड्याने त्यांची सेवा उणी झाली, असे कोणी म्हणत नाही. उलट त्या धोंड्यामुळेच ती संध्याकाळपर्यंत टिकली. प्रभू स्वतः सुताराच्या घरात वाढला. आपले जू सोयीचे आहे, असे तो सांगतो तेव्हा बैलाच्या मानेला न काचणारे जू तासणाऱ्या कारागिराची दृष्टी त्यामागे असावी, असे मला वाटते. जू त्याने काढून टाकले नाही; ते मानेला बसेल असे केले.

कुंभकोणमपासून फार दूर नसलेल्या तिरुवारूरच्या प्रचंड रथाला तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने पोलादी आस व ब्रेक बसवून दिले. तेव्हापासून तो अधिक सुरक्षितपणे चालतो. ब्रेक आल्यामुळे दोर ओढणाऱ्यांची भक्ती कमी झाली, असा विचारही तेथे कोणाच्या मनाला शिवत नसेल. मग घरातल्या रथाविषयीच आपण तो का करावा?

आतापर्यंत ढकलणाऱ्याचा विचार झाला. पण माझ्या मते या प्रश्नाचा गाभा बसणाऱ्याकडे आहे. आपल्या मंडळीतील एखाद्या वृद्ध भगिनीचे उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी ती दर रविवारी मिस्साला किंवा उपासनेला येते. चर्चच्या तीन पायऱ्यांशी सून धापा टाकते, कोणीतरी धावून येते, खुर्ची उचलली जाते. ते सारे ती पाहत असते. दुसऱ्या वर्षी ती म्हणते, “आज नको, अंग ठीक नाही.” तिसऱ्या वर्षी ती काहीच म्हणत नाही. बाहेर जावे, बाजार पाहावा, बहिणीकडे जावे, पतीच्या कबरीवर फुले ठेवावी, या इच्छा तिच्या मनात मरत नाहीत. त्या ओठांवर येईनाशा होतात. घरातील माणसे समाधानाने सांगतात, “आमच्या आई काहीच मागत नाहीत.” ही तिची तृप्ती नव्हे. दुसऱ्याच्या पाठीचा हिशेब करून तिने आपले मागणे आटविले आहे.

यामुळे खुर्ची हलकी करणे हे बसणाऱ्याला मागण्याचे स्वातंत्र्य परत देणे ठरते. जिथे मागणे दुसऱ्याला फार महाग पडते, तिथे सुशील माणूस मागत नाही. आणि जो मागत नाही त्याचे जग खोलीएवढे होते. योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेला माणूस आपल्याला पाण्यात सोडायला कोणी नाही, असे सांगतो. आपल्या घरांतील पुष्कळांना सोडायला माणूस आहे. त्याला सांगण्याचा धीर मात्र त्यांना उरलेला नाही. तळ्याकाठचे हे दुसरे एकाकीपण बाहेरून दिसत नाही.

मात्र येथे विचाराला एक वळण द्यावे लागते. ढकलणाऱ्याची सोय हाच एकमेव निकष धरला तर आपण दुसऱ्या चुकीत जाऊ. बाजारात चारही चाके लहान असलेली, अरुंद व हलकी खुर्ची मिळते. ती गाडीत सहज जाते, दारातून सहज निघते आणि सोबत्याला फार सोयीची पडते. पण मोठ्या चाकांची हाताने फिरवायची कडी तिला नसते. ज्याच्या हातांत थोडेफार बळ आहे, त्याला तीत बसविले की खिडकीपर्यंत जाण्यासाठीही त्याला हाक मारावी लागते. सोबत्याचे श्रम वाचले, पण बसणाऱ्याचे हात काढून घेतले गेले. काही अपंग व्यक्ती आपल्या खुर्चीच्या मागच्या मुठी मुद्दाम काढून टाकतात. न विचारता कोणी मागून ढकलू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मुठी वाढवून घेणाऱ्याने हेही ऐकून ठेवले पाहिजे.

दुसऱ्या शमुवेलात मफीबोशेथाची कथा आहे. पाच वर्षांचा असता पळून जाणाऱ्या दाईच्या हातून तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे दावीदाने त्याला आपल्या मेजावर बसविले. हा भाग आपण वारंवार ऐकतो. पण कथा तेथे संपत नाही. अबशालोमाच्या बंडाच्या वेळी दावीद यरुशलेम सोडून निघाला तेव्हा मफीबोशेथ त्याच्यामागे गेला नाही. आपण गाढवावर खोगीर घालून निघणार होतो, पण सीबा या सेवकाने आपल्याला फसविले आणि राजाजवळ आपली चहाडीही केली, असे त्याने पुढे सांगितले. पायांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसाची निष्ठा, प्रतिष्ठा आणि मालमत्ता सोबत्याच्या एका निर्णयावर लटकत होती. मेजावर जागा मिळाली, तरी मेजापर्यंत येण्याचे साधन स्वतःच्या हाती नव्हते. सोबती चांगला असावा अशी प्रार्थना करावीच. त्याबरोबर सोबत्याच्या चांगुलपणावाचूनही चार पावले हलता येईल अशी व्यवस्था करावी.

याचे सुंदर उदाहरण आधुनिक खुर्चीच्या जन्मातच आहे. हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाणीतील अभियंते १९१८ च्या अपघातात पांगळे झाले. तेव्हाच्या खुर्च्या अवजड होत्या, मोटारीत मावत नसत. त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज हेही अभियंते होते. दोघांनी मिळून १९३३ साली घडी होणारी, नळ्यांची हलकी खुर्ची बनविली. आज आपल्याकडे दिसणाऱ्या घडीच्या खुर्च्या तिच्याच वंशातल्या. तिच्या मागे मुठी होत्या, बाजूला हाताने फिरवायची मोठी चाके होती. बसणारा व त्याचा मित्र या दोघांनी एकत्र बसून ती आखली, म्हणून ती दोघांचीही झाली. बसणाऱ्याला न विचारता खुर्ची विकत आणणाऱ्या घरांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

आणि खुर्चीत बसलेले माणूस केवळ सेवा घेण्यासाठीच असते काय? वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस या १९५४ साली मोटार अपघातात कमरेखाली पांगळ्या झाल्या. त्यानंतर चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. परदेशी जाऊन त्यांनी पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९६६ साली वेल्लोरला त्यांच्या नेतृत्वाखाली पुनर्वसन संस्था उभी राहिली. शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत त्यांची खुर्ची नेणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्या दारातून आत गेल्यावर दुसऱ्यांचे हात मोकळे करणाऱ्या बाई त्याच होत्या. वेलंकनीच्या परंपरेतही एका विधवेचा लंगडा मुलगा वडाखाली बसून ताक विकीत असल्याचे सांगतात. मातेने त्याला आधी पायांविषयी विचारले नाही. बाळासाठी ताक मागितले. म्हणजे त्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे, हे प्रथम मान्य केले. परंपरेकडे आपण कोणत्याही दृष्टीने पाहत असलो तरी या क्रमात शिकण्यासारखे आहे.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात थोड्याच अंतरावर दोन गोष्टी सांगितल्या आहेत: एकमेकांची ओझी उचलावीत आणि प्रत्येकाने आपापला भारही वाहावा. वरवर पाहता या दोहोंत विरोध वाटतो. चाकांच्या खुर्चीजवळ उभे राहिले की तो उरत नाही. उतरणीवर, उंबऱ्यापाशी, लांबच्या वाटेवर ओझे दोघांचे असते. खोलीतल्या खोलीत, खिडकीपर्यंत, मेजापर्यंत जाणे हा बसणाऱ्याचा स्वतःचा भार असतो व तो त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये. जी खुर्ची आणि जी वाट या दोहोंना जागा देते, ती ख्रिस्ती दृष्टीने योग्य होय. नुसती सोय शोधणारा दुसऱ्या आज्ञेला मुकतो आणि नुसता त्याग शोधणारा पहिलीला.

तर मग आपण काय करावे? प्रत्येक मंडळीने आपल्या चर्चच्या मुख्य दाराशी पायऱ्या मोजाव्यात आणि त्यांच्या उंचीच्या बारापट लांबीची उतरण बांधता येते काय, ते पाहावे. मागच्या दाराची उतरण ही अर्धवट स्वागत होय. बाकांच्या रांगेत एक बाक आखूड करावे, म्हणजे खुर्ची वाटेत एकटी न राहता कुटुंबाच्या ओळीत बसेल. तरुणसंघाने महिन्यातून एका शनिवारी पंप, तेलाची बुधली व पाना घेऊन घरोघर जावे. यात्रेला निघणाऱ्या गटाने तिकिटांबरोबरच ढकलणाऱ्यांची पाळी ठरवावी. कुंभकोणमच्या उन्हात एकाच सुनेने दिवसभर खुर्ची ढकलावी आणि बाकीच्यांनी तिचे कौतुक करावे, असे होऊ नये. आणि हे सर्व करण्यापूर्वी खुर्चीपुढे येऊन, वाकून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहून त्यालाच विचारावे: कोठे जायचे आहे, केव्हा जायचे आहे आणि वाटेत कोठे थांबायचे आहे?

पुष्कळ दिवसांत कोणी विचारले नसेल, तर पहिल्यांदा उत्तर येणार नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारावे. चाकांत हवा मात्र त्याआधी भरून ठेवावी.